आयर्लंडचा जुना गोठा



गोठा घराला लागून असावा की लांब, यावर आपल्याकडे चार माणसे बसली की दोन तट पडतात. जुनी माणसे म्हणतात, जनावर डोळ्यांसमोर असले म्हणजे रात्री दावे अडकले, पोट फुगले, गाय व्यायला लागली, तरी लगेच कळते. नवी मुले म्हणतात, शेणामुताचा वास आणि माश्या-गोचीड घरात कशाला? आपल्या भागातल्या जुन्या घरांत दारातून आत शिरले की एका अंगाला दावण आणि दुसऱ्या अंगाला सोपा, अशी रचना अजून कुठे कुठे दिसते. म्हणून या अंकात आम्ही अशा एका देशाचा गोठा अभ्यासाला घेतला आहे, की जिथे माणूस आणि गाय शेकडो वर्षे एकाच छपराखाली राहिली आणि पुढे वेगळी झाली. तो देश म्हणजे आयर्लंड. गोठ्याची लांबी-रुंदी सांगण्याचा आमचा हेतू नाही. गोठा तसा का होता आणि तो बदलला कशामुळे, हे पाहायचे आहे. उत्तर वाटते तितके सरळ नाही.

आयर्लंड हे बेट आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडेसेच मोठे. पाऊस बारमाही, रिमझिम. पश्चिमेच्या डोंगरांत तो वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्याही वर जातो. उन्हाळा म्हणजे आपला दिवाळीनंतरचा काळ समजा. हिवाळा ओला आणि वाऱ्याचा, पण बर्फ फार दिवस टिकत नाही. त्यामुळे गवत वर्षाचे बरेच महिने वाढत राहते. तिथला शेतकरी पहिल्यापासून गवताचा आणि गायीचा धनी, धान्याचा त्या मानाने कमी.

इंग्लंडमधील बीड नावाच्या साधूने इसवी सन ७३१ मध्ये आपला इतिहासग्रंथ पूर्ण केला. त्यात आयर्लंडविषयी तो सांगतो, की तिथे हिवाळ्यासाठी कुणी गवत कापून वाळवत नाही आणि जनावरांसाठी गोठे बांधत नाही, इतकी हवा सौम्य आहे. त्याच्या वर्णनात कौतुकापोटी अतिशयोक्ती आहे. त्याच परिच्छेदात तो त्या देशात साप जगत नाहीत, इथपासून दूधमधाची रेलचेल आहे, इथपर्यंत बरेच काही सांगतो. पण गवताची गोष्ट खरी दिसते. जुन्या आयरिश कायद्याच्या पोथ्यांत हिवाळ्यासाठी राखून ठेवलेल्या उभ्या कुरणाचा उल्लेख येतो, म्हणजे गवत कापून साठवण्याऐवजी रान बंद करून ठेवायचे. वाळल्या गवताच्या गंजी घालण्याची चाल पुढे पडली. ती पडल्यावर मात्र हिशेब कडक झाला. एक फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा सण येतो, त्या दिवशी शेतकरी आपली गंजी पाहायचा. निम्मी वैरण शिल्लक असली तर जनावरे मे महिन्यापर्यंत निभावली, नाहीतर काही खरे नाही.

गायीवर मोजलेली इभ्रत

त्या समाजात गाय म्हणजे नाणेच होते. सातव्या-आठव्या शतकातल्या कायद्यांत दंड, देणी आणि माणसाची प्रतिष्ठासुद्धा दुभत्या गायींत मोजलेली आढळते. स्वतंत्र, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याला 'बोअरे' म्हणत. 'बो' म्हणजे गाय. रस्त्याला आयरिश भाषेत आजही जो शब्द आहे तो या 'बो'वरूनच आला. जुन्या शब्दकोशात रस्त्याची रुंदीही दिली आहे : एक गाय लांबीत आणि एक आडवी उभी राहील एवढा रस्ता असावा. मुलग्याला जो शब्द वापरतात त्याचा मूळ अर्थ गुराखी.

सरदाराने आपल्या गाई लहान शेतकऱ्याला सांभाळायला द्यायच्या आणि त्याने वर्षाला ठरलेले धान्य, लोणी, मांस आणि चाकरी द्यायची, अशी पद्धत होती. आपल्याकडच्या अर्धलीच्या जनावराची आठवण होईल, पण तिथे त्यावर सगळी राजकीय निष्ठा उभी होती. ज्याच्या गाई, त्याची माणसे.

अशी संपत्ती रात्री चोरीला जाते. एकमेकांची जनावरे पळवून नेणे हा तर तिथे मर्दुमकीचा भाग समजला जाई. त्यांची सर्वांत प्रसिद्ध जुनी वीरकथाही एका बैलासाठी झालेल्या लढाईचीच आहे. त्या काळातले शेतकरी आपल्या घराभोवती मातीचा गोल बांध घालत आणि बाहेरून खंदक खणत. अशी चाळीस हजारांहून अधिक वर्तुळे आजही त्या देशाच्या शिवारांत दिसतात. धोका दिसला की जनावरे त्या बांधाच्या आत. तेव्हा जनावर माणसाजवळ ठेवायचे, याचे पहिले कारण राखण हे होते. थंडी नंतर.

उन्हाळ्याची वस्ती

उन्हाळ्यात मात्र गाई घरापासून लांब जात. एक मेच्या सुमाराला गावची गुरे डोंगरावरच्या पडीक कुरणात न्यायची आणि एक नोव्हेंबरला परत आणायची, अशी चाल होती. या डोंगरवस्तीला 'बूली' म्हणत. गुरांबरोबर मुख्यतः तरुण मुले-मुली जात. दगड-मातीच्या, वर गवताचे ढेकूळ घातलेल्या लहान खोप्यांत राहायचे, धारा काढायच्या, लोणी करून खाली पाठवायचे. यामागे साधे गणित होते. खाली गावाजवळ बटाटा आणि ओट उभे असत, शेताला कुंपण नसे. गुरे डोंगरावर गेली म्हणजे पीकही वाचले आणि गावाजवळचे गवत हिवाळ्यासाठी शिल्लक राहिले. मेयो परगण्यातल्या अॅकिल बेटावर ही चाल इतर ठिकाणांपेक्षा बरीच उशिरापर्यंत टिकली. तिथल्या डोंगरउतारावर त्या खोप्यांचे दगडी पाये पाहायला मिळतात.

इंग्रज अधिकाऱ्यांना ही फिरती वस्ती पसंत नव्हती. कवी एडमंड स्पेन्सर हा तिथे अंमलदार होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने तक्रार लिहून ठेवली, की अशा डोंगरवस्त्यांत चोर आणि बंडखोर यांना आसरा मिळतो. राज्यकर्त्याला खातेफोड करून एका जागी बसलेला शेतकरी बरा वाटतो, हे काही त्या एकाच देशाचे नाही.

डोंगरावरच्या सामायिक चराईत कुणाची किती जनावरे, हे ठरवायला त्यांनी एक माप केले होते. त्याला 'कॉलप' म्हणत. एक वाढलेली गाय म्हणजे एक कॉलप. घोडा जास्त चरतो म्हणून तो एकाहून अधिक धरायचा, वासरे कमी, मेंढ्या काही मिळून एक. प्रमाण गावागणिक वेगळे. ज्याचा जमिनीत जेवढा वाटा तेवढे त्याचे कॉलप. आपल्याला शेअर आणि त्यावरचा हक्क ही कल्पना सांगावी लागत नाही, म्हणून हे लगेच कळेल.

पण सामाईकपणा म्हणजे सहकार नव्हे. डोनेगॉलमधल्या ग्वीडोर भागात लॉर्ड जॉर्ज हिल या जमीनदाराने १८३८ मध्ये जमिनी विकत घेतल्या. त्याने सांगितलेली एक गोष्ट फार गाजली. तीन माणसांच्या मालकीचा एक घोडा होता. तिघांनी एकेका पायाला नाल मारायचा, असे ठरले. चौथा पाय कुणाचा? कुणीच कबूल होईना, आणि त्या एका पायापायी घोडा लंगडा होऊन बसला. गोष्ट जमीनदाराने सांगितलेली आहे. त्याला सामायिक वहिवाट मोडून जमिनीचे तुकडे वेगळे पाडायचे होते, तेव्हा ती त्याच्या सोयीची होती, एवढे लक्षात ठेवून वाचावी. तरी चौथ्या पायाचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा, हे आधी लिहून न ठेवलेल्या भागीदारीचे काय होते, ते त्यात बरोबर आले आहे.

शेकोटी दिसणारी गाय

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पश्चिम आणि वायव्य आयर्लंडमधले गरीब शेतकऱ्याचे जुने घर म्हणजे एकच लांबट खोली. दगडी भिंती, वर गवताचे छप्पर. घर मुद्दाम उतारावर बांधायचे. वरच्या टोकाला चूल, तिच्याभोवती माणसे. खालच्या टोकाला एक, दोन किंवा तीन गाई भिंतीकडे तोंड करून बांधलेल्या. मधे आडवी मोरी, तिच्यातून मूत उताराने भिंतीबाहेर जाई. लांब भिंतींत समोरासमोर दोन दारे असत. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे एक बंद आणि एक उघडे ठेवायचे. गाईखाली वाळलेला नेचा, लव्हाळा नाहीतर पेंढा अंथरायचा. धार काढताना मागचे पाय बांधायला न्याणा असे, तो घोड्याच्या केसांचा वळलेला. वैरण म्हणजे वाळले गवत आणि ओटाचा पेंढा. घोड्याला तर रानातले काटेरी झुडूप दगडी कुंडीत ठेचून चारायचे.

चुलीत लाकूड नसे, कारण जंगल फारसे उरलेच नव्हते. दलदलीत साचून तयार झालेली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून जाळत. ती आग रात्री राखेने झाकून ठेवायची आणि सकाळी पुन्हा फुलवायची. गायीला ही आग दिसली पाहिजे, म्हणजे ती दूध चांगले देते, असा लोकांचा समज होता. १९३० च्या दशकात ओके कॅम्पबेल हे स्वीडिश अभ्यासक ही घरे मोजायला तिथे आले, तेव्हाही त्यांना अशी घरे पाहायला मिळाली.

बाहेरून आलेल्या प्रवाशांनी या घरांची भरपूर निंदा केली आहे. घाण होती, यात शंका नाही. पण त्यामागे विचारच नव्हता, असे आम्हाला वाटत नाही. मोठी गाय साधारण एक किलोवॅटच्या विजेच्या शेगडीइतकी उष्णता रात्रंदिवस सोडते. तिथली केरी जातीची काळी गाय लहान चणीची, ती थोडी कमी सोडत असेल. दोन गाई आत असल्या तर ओल्या हिवाळ्यात ती ऊब फुकट मिळते. ऊबेत राहिलेल्या जनावराला अंग गरम ठेवायला वैरणही कमी लागते, हे पशुविज्ञान आज सांगते. एकुलती एक गाय व्यायला झाली तर अंधारात, पावसात बाहेर जावे लागत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी. गुरांचा क्षय दुधातून आणि श्वासातून माणसाला होतो. आयर्लंडने गुरांच्या क्षयाविरुद्ध देशव्यापी मोहीम १९५४ मध्ये सुरू केली. अंधाऱ्या, कोंदट खोलीत गाईबरोबर झोपणाऱ्या पिढ्यांनी त्याची काय किंमत दिली असेल, याची कल्पना करावी.

गोठ्याला देवाधर्माचीही राखण होती. ब्रिजिडच्या सणाला लव्हाळ्याचा क्रूस विणून घरात आणि गोठ्यात टांगायचा. अकरा नोव्हेंबरच्या मार्टिनच्या सणाला, आदल्या रात्री कोंबडा कापून त्याचे रक्त उंबऱ्यावर आणि गोठ्याच्या कोपऱ्यांत शिंपडायचे. एक मेच्या दिवशी घरातून विस्तव, दूध किंवा मीठ कुणाला द्यायचे नाही, नाहीतर वर्षभराचे लोणी दुसऱ्याच्या घरी जाते. आपल्याकडे तिन्हीसांजेला दूध-ताक बाहेर देत नाहीत, त्याच्या जवळचेच हे.

खंड भरणारे डुक्कर

गायीपेक्षा गरीब माणसाचा आधार म्हणजे डुक्कर. बटाट्याची बारीक राशी, साली आणि ताक यांवर ते वाढे. शेतकरी स्वतः ते क्वचितच खाई. डुक्कर विकून जमिनीचा खंड भरायचा, म्हणून त्याला खंड भरणारे सभ्य गृहस्थ म्हणण्याची थट्टा रूढ झाली होती. ज्याची घरात एवढी पत, त्याला पावसात कसे ठेवणार? १८४१ च्या जनगणनेत एका खोलीची, मातीच्या भिंतींची, सर्वांत खालच्या वर्गातली घरे पाच लाखांच्या आसपास निघाली. अशा घरांतून डुक्कर माणसांबरोबरच झोपे.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षे पीक बुडत राहिले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. डुकरांचा आकडा सगळे सांगून जातो. १८४१ मध्ये ती चौदा लाखांवर होती. १८४७ मध्ये सहा लाखांच्या थोडी वर उरली. बटाटाच नाही तर डुक्कर कशावर पोसणार, आणि डुक्कर नाही तर खंड कशाने भरणार? खंड थकला की घरातून बाहेर.

गोठा का बांधला नाही

इथेच आमच्या अभ्यासाचा गाभा आहे. दगड फुकट, हात रिकामे, हिवाळा लांब. मग घराशेजारी चार भिंतींचा वेगळा गोठा का बांधला नाही? आळस, असे उत्तर त्या वेळच्या इंग्रजी लिखाणात पानोपानी सापडते. शेतकऱ्यांचे स्वतःचे उत्तर वेगळे होते. १८४३ मध्ये जमिनीच्या वहिवाटीची चौकशी करायला डेव्हन आयोग नेमला गेला आणि दोन वर्षांत त्याचा अहवाल आला. त्यातल्या जबान्यांत हेच पुनःपुन्हा येते, की कुळाने स्वतःच्या खर्चाने घर, गोठा, चर, बांध केले, तर ते जमिनीबरोबर मालकाचे होतात. जमीन सुधारली म्हणून खंड वाढू शकतो, आणि कुळाला काढले तर भरपाई नाही. उत्तरेकडच्या अल्स्टर भागात कुळाला आपला हक्क विकून पैसे घेण्याचा रिवाज होता, पण इतरत्र तो अपवादानेच. सगळेच जमीनदार खंड वाढवत होते, असे नाही. पुढच्या संशोधनात वाढ समजत होते तेवढी सर्रास नव्हती, असेही दिसले आहे. पण नुसती भीतीसुद्धा हात बांधून ठेवायला पुरते. त्यातून खंड थकला तर मालक जनावरे जप्त करून कोंडवाड्यात घालू शके. उद्या आपली गाय आपली राहील की नाही, हे माहीत नाही, तो माणूस तिच्यासाठी पक्की भिंत कशाला उचलेल? नव्या गोठ्याची गवंड्याला द्यायची मजुरी त्याच्या दृष्टीने मालकाच्या खिशात घातलेला पैसा होता.

हे बदलायला झगडा करावा लागला. १८७० च्या कायद्याने सुधारणेबद्दल भरपाईचे तत्त्व मान्य केले, पण ते अपुरे पडले. १८७९ मध्ये मेयो परगण्यातून मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने जमीन चळवळ उभी राहिली. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड, वहिवाटीची शाश्वती आणि हक्क विकण्याची मोकळीक या तीन गोष्टी दिल्या. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारने पैसा पुरवून कुळांना जमिनी विकत घेऊन दिल्या. साडेतीन टक्क्यांहूनही कमी, म्हणजे सव्वातीन टक्क्यांचा हप्ता, आणि तो साडेअडुसष्ट वर्षे भरायचा. बापाने घेतलेले कर्ज नातवाने फेडायचे, पण जमीन आपली. आपल्याकडे १९४८ च्या कूळ कायद्यानंतर ज्यांच्या घरी पहिली विहीर पाडली गेली, त्यांना यातले मर्म समजावून सांगायला नको.

याच सुमारास १८९१ मध्ये पश्चिमेच्या गरीब भागासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. त्याने चांगले वळू, घोडे, कोंबड्यांच्या जाती पुरवल्या आणि घरदुरुस्तीला लहान-लहान अनुदाने दिली. अट अशी, की गाय घराबाहेर काढायची आणि दारासमोरचा उकिरडा मागे न्यायचा. उकिरडा हलवणे लोकांना जड गेले; बटाट्याचे सगळे खत तेच, आणि ज्याचा उकिरडा मोठा तो मोठा. पण गोठे उभे राहिले. जमिनीचा कागद हातात आलेल्या शेतकऱ्याने घरामागे दगडी गोठा बांधला, चुना फासला. घरात गाईची जागा रिकामी झाली तिथे आडभिंत घालून मुलांची निजायची खोली केली. जुन्या घरात खालची खोली किंचित उतारावर असली, तर तिथे पूर्वी कोण राहत होते ते ओळखता येते.

लोण्याचे पैसे कुणाचे

गोठा बदलला तसे दुधाचे वळणही बदलले. तोवर धार काढणे, घुसळणे, लोणी विकणे हे बायकांचे काम आणि बऱ्याच अंशी बायकांचे उत्पन्न होते. १८८९ मध्ये सर होरेस प्लंकेट यांच्या प्रयत्नाने लिमरिक परगण्यातल्या ड्रमकॉलहर येथे पहिले सहकारी लोणी केंद्र निघाले आणि १८९४ मध्ये त्यांनी सहकारी संस्थांची मध्यवर्ती संघटना स्थापली. दूध गाढवाच्या गाडीतून केंद्रावर न्यायचे, यंत्राने मलई निघे आणि मलई काढलेले दूध त्याच डब्यांतून घरी परत येई. ते वासरांना आणि डुकरांना घालत. वासराच्या अंगी मेद धरावा म्हणून त्यात शिजवलेले जवस मिसळत. लोण्याला एकसारखी प्रत आली, भाव आला. कारखान्याचे सभासद म्हणून आम्हाला याचा अभिमान वाटतो, पण एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. गाडी पुरुष नेत आणि दुधाचे पैसे खातेदाराच्या, म्हणजे पुरुषाच्या हाती येत. घरच्या बाईची रवी आणि तिच्या गाठीचा पैसा दोन्ही एकदम बंद पडले. धारा मात्र बहुतेक घरांत पूर्वीप्रमाणे तीच काढत राहिली. आपल्या तालुक्यातल्या दूध संस्थांच्या खातेवहीत बायकांची नावे किती, हे ज्याने त्याने पाहावे.

बाईकडे उरल्या कोंबड्या. गाय बाहेर गेली, डुकराला दगडी खोपी मिळाली, तरी कोंबडी घरातच राहिली. स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी असे. तिच्या वरच्या फळ्यांवर बशा आणि खालच्या भागाला गजांचे दार लावून खुराडे. चुलीच्या उबेने कोंबड्या हिवाळ्यातही अंडी देत, आणि हिवाळ्यात अंड्याला भाव चढा. अशा मांडण्या आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने जपून ठेवल्या आहेत. आठवड्याला अंडीवाला गाडी घेऊन दारात येई. बाई टोपलीतली अंडी मोजून देई आणि त्या बदल्यात चहा, तंबाखू आणि साखर मोजून घेई. तो हिशेब घरातला दुसरा कुणी विचारत नसे.